बॅटरी हातातून निसटते? आधी सायकलची जुनी ट्यूब शोधा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पाऊस एकदा लागला की आठवडाभर उघडत नाही. कणकुंबी-जांबोटीकडं तर विचारूच नका. अशाच एका रात्री बांध फुटलाय का बघायला शेतात गेलो होतो. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात नवी कोरी ॲल्युमिनियमची बॅटरी. (टॉर्चला आमच्याकडं बॅटरीच म्हणतात, आणि तिच्या आत जातात ते सेल. या लेखातही तसंच लिहिलंय.) पाय घसरला म्हणून मूठ आवळली, तर बॅटरी ओल्या साबणासारखी वर सुटली, बांधावरून गडगडत गेली आणि लावणीच्या चिखलात शिरली. पाण्याखालून थोडा वेळ मातकट उजेड दिसत होता. मी चाचपडत तिथं पोचेपर्यंत तोही गेला. नंतर अर्धा तास अंधारात बांध चाचपत घरी आलो. आमच्या बाजूला रात्री गवेही उतरतात, त्यामुळं तो अर्धा तास फार लांब वाटला.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बॅटरीला मी काही ना काही गुंडाळत आलोय. पैसे जवळपास लागले नाहीत, चुका मात्र भरपूर झाल्या. त्या तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

निसटते का, ते आधी समजून घ्या

पहिल्यांदा मी सायकलच्या ट्यूबचा अख्खा तुकडा मोज्यासारखा बॅटरीवर चढवला. घरात कोरड्या हातानं धरून बघितलं तर पकड एकदम घट्ट. खूश झालो. पण पावसात नेली आणि पुन्हा तेच, उलट ट्यूबवर चिखल बसला की ती नुसत्या धातूपेक्षाही बुळबुळीत लागायची.

कारण साधं आहे. हात आणि बॅटरी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो. ते पाणी बाहेर जायला वाट नसेल, तर खाली रबर असो नाहीतर धातू, हात पाण्यावरच घसरतो. गाडीचा टायर गोटा झाला की ओल्या रस्त्यावर घसरतो, तो याच कारणानं. नव्या टायरला खाचा असतात त्या पाणी बाजूला काढण्यासाठी. बॅटरीलाही तेच पाहिजे: मऊ रबर किंवा दोरी, आणि मध्ये मध्ये पाण्याला जायला खाच. बॅटरी जाड केली म्हणजे पकड आली, असं होत नाही.

तरी जाडीचाही थोडा भाग आहेच. खुरपं, हातोडी यांच्या मुठी बघा, साधारण 30 ते 40 मिलीमीटर जाडीच्या असतात. मोठ्या माणसाची मूठ तेवढ्यावर नीट मिटते. दोन मोठ्या सेलची जुन्या धाटणीची बॅटरी 38-40 मिलीमीटरची असते, म्हणजे ती आधीच पुरेशी जाड आहे. हल्लीची चार्जिंगची बारीक बॅटरी, जिच्यात 18650 नावाचा सेल असतो (18 मिलीमीटर जाड, 65 मिलीमीटर लांब), ती बाहेरून 25 मिलीमीटरच्या आसपास भरते. ती मुठीत सैल राहते. म्हणून माझा ठोकताळा असा: जाड बॅटरीला ट्यूबच्या कड्या, बारीक बॅटरीला दोरी.

हात लावण्याआधी

सेल बाहेर काढा. चार्जिंगचा सेल आतच कायमचा बसवलेला असेल तर निदान बटण बंद करा, आणि त्या बॅटरीजवळ कसलीही उष्णता नेऊ नका.

मग बॅटरी रोजच्यासारखी धरून बघा आणि बोटं कुठं पडतात तिथं खडूनं खुणा करा. बरेच लोक हे सोडून देतात आणि नंतर कळतं की गुंडाळलंय एकीकडं आणि बोटं दुसरीकडं. चार बोटांची रुंदी साधारण 75-80 मिलीमीटर भरते, तेवढ्याच भागाला पकड लागते. बाकी अंग मोकळं सोडलं तरी चालतं. काही जागा तर मोकळ्या सोडाव्याच लागतात: बटण, चार्जिंगचं भोक, मागच्या झाकणाचे आटे आणि पुढं डोक्याजवळच्या धातूच्या खाचा. त्या खाचा शोभेच्या नाहीत. एलईडीची उष्णता तिथून बाहेर जाते. त्यावर रबर चढवलं तर उष्णता आत कोंडते, आणि दिवा मंद होतो किंवा लवकर खराब होतो.

शेवटी अंग धुऊन घ्या. तेल, हाताचा घाम, जुन्या स्टिकरचा गोंद सगळं गेलं पाहिजे. भांड्याचा साबण लावून पुसा, वाळलं की सॅनिटायझरचा हात फिरवा. पुसायला आम्ही बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांवरचं उरलेलं सूत वापरतो. ते नसलं तर जुनी बनियन.

ट्यूबच्या कड्या

ट्यूब सायकलचीच घ्या. स्कूटरची जाड असते, ताणत नाही. पंक्चरच्या दुकानात जुनी ट्यूब बहुतेक फुकट मिळते. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा दुकानवाले मामा म्हणाले, "आता बॅटरीला पण ट्यूब घालूलालास काय बे?" दिली मात्र हसत हसत, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या बॅटरीला घालून बसले होते.

माप जुळतंय का ते बघायला दोरा पुरतो. बॅटरीभोवती दोरा एकदा गुंडाळा आणि त्याची लांबी मोजा, तो झाला बॅटरीचा घेर. ट्यूब चपटी करून तिची रुंदी मोजा आणि दुप्पट करा, तो ट्यूबचा घेर. बॅटरीचा घेर ट्यूबच्या घेरापेक्षा पावपट ते तिसरा हिस्सा जास्त असेल तर कडी घट्ट बसते आणि फाटतही नाही. माझ्या दोन सेलच्या बॅटरीचा घेर 120 मिलीमीटर आणि ट्यूबची रुंदी 45, म्हणजे ट्यूबचा घेर 90. बरोबर तिसरा हिस्सा जास्त. तीच ट्यूब बारीक बॅटरीला मात्र सैल झाली, तिचा घेर 80 मिलीमीटरसुद्धा नव्हता.

आता काम.

1. वॉल्व्ह आणि पंक्चरच्या ठिगळांपासून लांबचा, सारखा भाग निवडा. कापून आतून साबणानं धुवा. आत पांढरी पावडर असते. ती राहिली तर कडी अंगावर फिरत राहते.

2. लाकडी पाटावर ट्यूब चपटी ठेवून धारदार पात्यानं एका दमात सरळ कापा. प्रत्येक कडी 12 मिलीमीटर रुंद. कात्रीनं तुकड्या-तुकड्यात कापलं की कडेला बारीक दात पडतात आणि ताण आल्यावर तिथूनच फाटत जातं. माझ्या पहिल्या सहापैकी चार कड्या अशाच गेल्या. दहा कापून ठेवा, सहा लागतील.

3. कडीची बाहेरची बाजू साध्या पॉलिश पेपरनं घासून खरबरीत करा. ट्यूबला कारखान्यातून आलेली एक गुळगुळीत चमक असते, ती घालवायची. हात दोन-चार वेळा फिरवला की पुरे.

4. मागचं झाकण काढा आणि आट्यांभोवती कागद गुंडाळा. कडी सॅनिटायझरमध्ये बुडवून मागच्या बाजूनं चढवा. ओली असेतोवर ती सरकते आणि चार-पाच मिनिटांत सॅनिटायझर उडून गेला की जागच्या जागी बसते. साबणपाण्यानंही सरकते, पण साबण आत राहतो आणि पहिल्याच पावसात पुन्हा जागा होतो. पेट्रोल लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

5. दोन कड्यांमध्ये 4 मिलीमीटर जागा सोडा. पाच कड्या आणि चार फटी मिळून 76 मिलीमीटर होतात, म्हणजे चार बोटांना पुरेपूर. याच फटींतून पाणी आणि चिखल बाहेर पडतो. सगळी गंमत या फटींत आहे, कड्या एकमेकींना चिकटवून बसवल्या तर माझ्या पहिल्या मोज्याचीच गत होईल.

6. सगळ्यात पुढच्या कडीवर आणखी एक कडी चढवा. तिथं उंचवटा होतो आणि तर्जनी त्याला अडते. बॅटरी वर तोंड करून धरली तरी मग खाली सरकत नाही. आणि बांधावर ठेवली तर पहिल्यासारखी सरळ गडगडत जात नाही, थोडी तिरकी फिरून थांबते.

डिंक, फेविक्विक काही लावायचं नाही. ताणानंच बसतं, आणि कधी काढून धुवायचं झालं तर सहज निघतं. फेविक्विकचा आणखी एक त्रास म्हणजे वाळताना त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढरी धूसर साय धरते. बॅटरीची काच एकदा अशी झाली की उजेड पसरट पडतो.

बारीक बॅटरीला दोरी

बैल हाकायच्या चाबकाची मूठ आठवा. तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते आणि एका बाजूनं गाठींची नागमोडी वेल चढत गेलेली असते. तीच वीण बॅटरीवर घालायची. गाठींच्या त्या वेलीत बोटं अडकतात, आणि दोरीच्या दोन वेढ्यांमधल्या खाचेतून पाणी जातं.

दोरी नायलॉनची, विणलेली, 3 मिलीमीटर जाड घ्या. बेळगावात खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत मीटरवर मिळते. पिळाची स्वस्त दोरी नको, तिचे पीळ सुटतात. सुताची दोरी हाताला फार छान लागते, पण आमच्या पावसात ती पाणी धरून ठेवते, वास मारते, आणि खाली अंगाला डाग पडतात. चिकोडी-अथणीकडं, जिथं पाऊस कमी आणि घाम जास्त, तिथं मी सुतीच वापरली असती.

लांबीचा हिशोब: बॅटरी 25 मिलीमीटर, दोरी 3. एका वेढ्याला सुमारे 88 मिलीमीटर दोरी जाते. 65 मिलीमीटर भाग झाकायला 21-22 वेढे, म्हणजे दोन मीटरच्या आत. पण प्रत्येक वेढ्याला गाठ आहे, शिवाय टोकं हवीत, म्हणून तीन मीटर घ्या. मी एकदा अडीच मीटर घेतली होती, शेवटच्या चार वेढ्यांना दोरी संपली आणि सगळं उलगडावं लागलं.

दोरी पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि ओलीच गुंडाळा. नायलॉन ओलं असताना थोडं लांबतं आणि वाळल्यावर आवळतं. कोरडी गुंडाळलेली दोरी नेमकी पावसात सैल पडते, जेव्हा तिची गरज असते तेव्हाच.

दोरीचं एक टोक अंगाला समांतर, चार-पाच सेंटीमीटर आडवं ठेवा आणि अंगठ्यानं दाबा. पहिला वेढा त्या टोकावरूनच घ्या. वेढा पुरा होत आला की दोरीचा मोकळा भाग त्याच वेढ्याच्या खालून घालून वर ओढा, अर्धी गाठ पडेल. कचकन आवळा. पुढचा वेढा त्याला अगदी लागून, त्याच दिशेनं, पुन्हा खालून घालून वर ओढा. दर वेळी गाठ आधीच्या गाठीपेक्षा किंचित पुढं सरकते, तिला तुम्ही सरकवायची गरज नाही. पाच-सहा वेढे झाले की वेल दिसायला लागते. एखादी गाठ उलट दिशेनं पडली तर वेल तिथं मोडते. दिसायला वाईट आणि धरायलाही खुपते, तेव्हा ती एकच गाठ सोडून परत घाला.

शेवट करताना लोक अडखळतात. शेवटचे चार वेढे राहिले असताना एक पक्का बारीक दोरा दुहेरी करून त्याचा फास अंगावर आडवा ठेवा, फासाचं तोंड पुढच्या बाजूला. त्यावरून चार साधे वेढे घ्या, गाठ न मारता. मग दोरीचं टोक फासात ओवा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं मागं ओढा. टोक वेढ्यांच्या खालून खेचलं जाईल. पक्कडीनं ओढावं लागतं, घाबरू नका. उरलेलं कापा आणि टोक काडीनं हलकं वितळवा. सेल बाहेर काढलेलेच आहेत ना? नसतील, किंवा चार्जिंगचा सेल आत कायमचा बसवलेला असेल, तर काडी राहू द्या. टोक थोडं लांब ठेवून वेढ्याखाली टोचून टाका.

रात्रभर वाळू द्या. सकाळी बॅटरी 30-31 मिलीमीटरची झालेली असते आणि मुठीत भरते.

बॅटची ग्रिप, आणि इतर उद्योग

ज्यांना हे सगळं खटपटीचं वाटतं त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग. क्रिकेटच्या बॅटची मूठ आणि दोन सेलची बॅटरी यांची जाडी जवळपास सारखी. खेळाच्या दुकानात बॅटची रबरी ग्रिप घ्या, खाचा किंवा ठिपके असलेली. ती फूटभर लांब असते, कापून दोन बॅटऱ्यांना पुरते. आतून सॅनिटायझर लावून बाहेरून गुंडाळत गुंडाळत चढवा, जसा मोजा दुमडून पायात घालतो तसा. दुकानातला पोरगा त्याच्या शंकूवरून एका झटक्यात चढवून देतो, बॅटरी सोबत नेली तर बरं. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातासाठी मला हीच सगळ्यात आवडते, कारण ती मऊ आहे आणि हिवाळ्याच्या पहाटे धातूसारखी गार लागत नाही.

बॅडमिंटनची चिकट पट्टी घामाला उत्तम. चिखलाला वाईट, महिनाभरात काळी होऊन सुटते. घरात, गाडीत ठेवायच्या बॅटरीला लावा.

वायरमन लोकांची आवळणारी नळी, गरम केली की बसते ती, दिसायला सुबक होते. पण ती गुळगुळीत. खाली दोरीचे चार-पाच सुटे वेढे घालून वर नळी चढवली तर उंचवटे येतात आणि मग ती कामाची. प्लॅस्टिकच्या किंवा सेल न निघणाऱ्या बॅटरीला हा प्रकार अजिबात करू नका.

वायरिंगची काळी चिकटपट्टी घरोघरी असते म्हणून सगळे आधी तीच गुंडाळतात. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो, कडेनं बाहेर येतो, त्याला केस-माती चिकटते, आणि काढल्यावर तो अंगावरून रॉकेलशिवाय निघत नाही. आणि पायरीवर लावतात ती खरबरीत पट्टी हातात धरायची वस्तू नाही, खिशाचं अस्तर आठवड्यात फाडते.

मनगटाची दोरी

पकड कितीही चांगली झाली तरी एक दोरी मनगटात असावी. 40 सेंटीमीटर दोरी दुहेरी करून गाठ मारली की हात जाईल एवढा फास होतो. बॅटरीच्या मागं भोक असेल तर तिथं, नसेल तर शेवटच्या कडीखालून ओवा.

मात्र दोरी थेट बांधू नका. ट्यूबची 3 मिलीमीटरची बारीक कडी मध्ये घाला: दोरी कडीला आणि कडी बॅटरीला. जोरात हिसका बसला तर कडी तुटते आणि हात वाचतो. कडबाकुट्टी, पट्ट्यावर चालणारी मोटर, मळणी यंत्र यांच्याजवळ तर दोरी मनगटातून काढूनच ठेवा. निपाणी-चिकोडीकडं उसाला पाणी पाजायला रात्रीची लाईट येते, तेव्हा स्टार्टरच्या पेटीपाशी बॅटरी हातात धरण्यापेक्षा खिळ्याला टांगलेली बरी. त्या वेळी ही दोरी टांगायला उपयोगी पडते. आणि पकड सुधारली म्हणून ओल्या हातानं पेटी उघडायला कोणी जाऊ नये.

मागच्या टोकाला बोटभर रेडियमची पट्टी चिकटवा, सायकलच्या मडगार्डला लावतात ती. बॅटरी पडून विझली तर दुसऱ्या उजेडात ती लगेच चमकते. माझी पहिली बॅटरी अशी सापडली असती.

तपासून बघा

मोरीत जा, हाताला साबण लावा, ओल्या हातानं बॅटरी तोंड खाली करून धरा आणि घरातल्या कुणालातरी तिचं डोकं पिळायला सांगा. फिरली तर कड्या सैल आहेत किंवा आत पावडर राहिलीय. मग त्याच हातानं, दुसरा हात न लावता, अंगठ्यानं बटण दाबून बघा. पकड घट्ट पण बटण गाठत नाही, असं होतं कधी कधी. तेव्हा सगळ्या कड्या सेंटीमीटरभर बटणाच्या बाजूला घ्या. शेवटी पूर्ण उजेडावर दहा मिनिटं लावून ठेवा, घरात, वारा नसताना. डोकं हात लावून ठेवता येणार नाही इतकं तापत असेल तर पुढची कडी काढून टाका.

सुगी झाली आणि बॅटरी कपाटात गेली की सेल काढून ठेवा. साधे सेल आतच पाझरतात आणि मग पकड चांगली असून उपयोग नाही. मृग लागायच्या आधी कड्या ताणून बघा, बारीक भेगा दिसल्या तर नव्या चढवा. जुन्या फेकू नका, बियाण्याच्या पिशव्यांची तोंडं बांधायला सुतळीपेक्षा त्या बऱ्या.